लग्न झालेल्यांसाठी स्थळं

कोल्हापुरात अजून काही घरं अशी आहेत, की तिथं मी गेलो तर 'या, बसा' म्हणतात, पण आत चहाचं भांडं वाजत नाही. ज्या गावात पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालासुद्धा 'पावणं, च्या घिऊन जावा की' म्हणतात, तिथं हा अपमान केवढा मोठा, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आणि मी असं केलं तरी काय होतं? कुणाचा बांध कोरला नव्हता, कुणाच्या पंक्तीत भांडण लावलं नव्हतं. एका कॉम्प्युटरमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये नेला होता. बस्स.

मी तेव्हा शरणकृपा वधू-वर सूचक मंडळाचा मानद सचिव होतो. मानद म्हणजे काम सगळं आपलं आणि मान उरला तर आपला. शिवाजी पेठेत तालमीसमोर एका माडीवर मंडळाचं ऑफिस. सरकारी कचेरीतून सुटलो की मी तिथं जाऊन बसायचो आणि आमच्या लिंगायत समाजातल्या उपवर मुला-मुलींची माहिती कॉम्प्युटरवर भरायचो. उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. लग्न जमलं की नावापुढं 'विवाहित' अशी खूण करायची. ती खूण केली की ते नाव पुन्हा कुणाला सुचवलं जायचं नाही. या खुणेवर किती संसार उभे आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मंडळाच्या अध्यक्ष होत्या अक्काताई कोरे. लक्ष्मीपुरीत त्यांचं धान्याचं होलसेल दुकान. बाई कर्तबगार, पण बोलणं असं की समोरच्याला आपण पोतं आहोत आणि आपल्याला उचलून बाजूला ठेवलंय असं वाटावं.

दोन हजार चार साली आमचा कॉम्प्युटर फारच दमला. एक नाव शोधायला सांगायचं, खाली जाऊन चहा पिऊन यायचं, तरी त्याचं शोधणं चालूच. राजारामपुरीतल्या वीरेशला बोलावलं. वीरेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि मंडळाचा प्रोग्रॅमही त्यानंच बनवला होता. तो म्हणाला, "आता सर्व्हर घ्यायला पायजे."

"सर्व्हर म्हंजे?" अक्काताईंनी विचारलं.

"मोठं मशीन. त्याच्यावर चार-पाच जण एकदम काम करत्यात."

अक्काताईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. "आमच्यात काम करणारा ह्यो एकच हाय."

पण आषाढातल्या मेळाव्याची तारीख ठरली होती, बेळगावपासून सांगलीपर्यंतच्या घरांना पत्रं जायची होती, तेव्हा सर्व्हर आला. नुसता आला नाही, तर बोहारणीच्या धर्तीवर जुन्याच्या बदल्यात आला. वीरेशची माणसं जुना कॉम्प्युटर घेऊन गेली आणि दुकानात नेल्या नेल्या त्यांनी तो आतून धुऊन-पुसून स्वच्छ केला. मग वीरेशनं मला विचारलं, "काका, बॅकअप हाय न्हवं?"

हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे आता मलाही कळतं. पण तेव्हा मी नुसता हसलो. "आहे म्हणजे? दर शनिवारी न चुकता घेतो." खरंच घेत होतो. बॅकअपचं बटण दाबायचं, हिरवी पट्टी पुढं सरकताना बघायची, 'यशस्वी' आलं की मान डोलवायची. त्याची सीडी करून आम्ही चक्क पतसंस्थेच्या लॉकरमध्ये ठेवत होतो. तसा ठरावच होता. मंडळाची अमूल्य माहिती, सचिव आणि खजिनदार यांच्या संयुक्त सहीनं, कडीकुलपात. ठराव मीच लिहिला होता.

खजिनदार गुरुसिद्धअण्णा तोडकर त्या आठवड्यात चंदगडला लेकीकडं गेले होते.

पतसंस्थेत लॉकर सांभाळणाऱ्या बाबांना मी म्हटलं, "अहो, आत काय दागिने नाहीत. एक सीडी आहे."

"मग लॉकरात कशाला ठेवली?"

अण्णांना फोन करावा तर पावसानं चंदगडच्या लाइनी गेलेल्या. शेवटी कचेरीत रजा टाकली आणि एसटीत बसलो. आषाढात चंदगडला जाणं म्हणजे पाण्याखालून प्रवास. गाडीचं छत सगळीकडं धड होतं, फक्त माझ्या डोक्यावर तेवढं गळत होतं. मी गाडीत छत्री उघडली. कंडक्टर म्हणाला, "पावणं, मिटवा ती. न्हाईतर तिचंबी तिकीट काढा." सगळी गाडी हसली. मी छत्री मिटवली आणि मानद सचिव या नात्यानं भिजत राहिलो.

अण्णा लेकीच्या सोप्यात काजू फोडत बसले होते. सही करायला बोलावलंय म्हटल्यावर त्यांनी आधी जेवण घातलं, मग झोप काढायला लावली, मग चष्मा शोधला आणि चिकाच्या बोटांनी सही केली. ती घेऊन दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत गेलो. बाबांनी कागद उजेडात धरला. "ही सही अण्णांची न्हाय."

"माझ्यादेखत केली!"

"अण्णा 'ध'ला असलं शेपूट काढत न्हाईत."

मी त्यांना काजूच्या चिकाबद्दल सांगू लागलो. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. शेवटी अक्काताईंनी पतसंस्थेच्या चेअरमनना फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण बाबा स्वतः उठून किल्ली घेऊन आले आणि जाताना मला नमस्कार करून गेले.

सीडी आली. आता फक्त ती नव्या सर्व्हरमध्ये उतरवायची होती. वीरेश खुर्चीत बसतोय तोवर जिन्यावर पावलं वाजली. सयाजीराव. सयाजीराव आमच्या ऑफिसचे शेजारी, रिटायर्ड वायरमन आणि तालमीचे जुने खेळाडू. जगातल्या कुठल्याही बिघाडाची त्यांना दोन कारणं माहीत होती, अर्थिंग नाही आणि नारळ फोडला नाही. अर्थिंग त्यांनी तपासलं. ते होतं. मग त्यांनी खिशातून, म्हणजे अक्षरशः लेंग्याच्या खिशातून, नारळ काढला.

"सयाजीराव, खाली फोडा."

"मशीन वर हाय आणि नारळ खाली? देवाला कळंल काय कशाचा फोडलाय त्यो?"

त्यांनी उंबऱ्यावर फोडला. पाण्याची चिळकांडी थेट कीबोर्डवर. त्यानंतर कुठलंही बटण दाबलं तरी पडद्यावर 'क' उमटू लागला. वीरेश दुकानात जाऊन नवा कीबोर्ड घेऊन आला. तोवर सयाजीरावांनी मला प्रसाद दिला.

मग बॅकअप लावला, तर मशीन म्हणालं, जागा नाही. वीरेशनं बराच वेळ डोकं खाजवलं आणि मला समजावून सांगितलं. जुन्या मशीनमध्ये माहिती 'डी' नावाच्या कप्प्यात राहत होती. बॅकअपला तेवढंच आठवत होतं, आपली जागा 'डी'त. आणि नव्या मशीनमध्ये 'डी' म्हणजे सीडी घालायची खाच. मला चित्र स्पष्ट दिसलं. जुन्या घरात जिथं देवघर होतं, नव्या घरात बरोबर तिथं न्हाणीघर निघालं आहे आणि देव हट्टानं तिथंच जाऊन बसतो म्हणतायत.

वीरेशनं देवांची समजूत काढली. पट्टी सरकली. 'यशस्वी' आलं. यादी उघडली, तर सगळी नावं अगम्य. चौकटी, उभ्या रेघा, मध्येच एखादं प्रश्नचिन्ह.

सयाजीराव मागून डोकावले. "कानडी हाय ह्ये. तुमच्यात वाचता येतंय की कुणाला तर."

मला कानडी येतं. लाजेची गोष्ट अशी, की मी खरोखरच चष्मा लावून ते वाचायचा प्रयत्न केला. मग वीरेश म्हणाला की जुना मराठी फॉन्ट नव्या मशीनमध्ये घालायचा राहिलाय. तो घातला आणि एकदम सगळी माणसं ओळखीची झाली.

आता कुणी म्हणेल, शेटे, तुम्ही तपासलं नाहीत का? तपासलं. चांगलं बारकाईनं तपासलं. मला जी नावं तोंडपाठ होती ती सगळी एकेक करून शोधली. जयसिंगपूरचा इंजिनिअर, ज्याला मुलगी गोरी, उंच, नोकरीवाली आणि तरीही आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकायला तयार हवी होती. गडहिंग्लजची ती मुलगी, जिला शेती नको, दुकान नको आणि नोकरीवाला पण पुण्याचा नको. सगळे जागच्या जागी होते. माझ्या लक्षात एवढंच आलं नाही, की मला पाठ झालेली नावं ही वर्षानुवर्षं न जमलेल्यांची होती. ज्यांचं पटकन जमतं त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहतात?

सर्व्हर मात्र वाऱ्यासारखा पळत होता. 'अनुरूप स्थळे' असं बटण दाबलं की प्रत्येक घरासाठी जुळणारी स्थळं काढून पत्र तयार. प्रिंटर थांबेना. मी एकेका पत्रावर शिक्का मारला, सही केली आणि सगळा गठ्ठा स्वतः पोस्टात टाकून आलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, "विज्ञान म्हणजे विज्ञान."

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी घरी आलो, तर आमची ही दारातच उभी. हातात पत्र.

"बसा," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "श्रीयुत शेटे यांस, सप्रेम नमस्कार. आपली कन्या चि. सौ. कां. भूमिका हिच्यासाठी खालील अनुरूप स्थळे सुचविताना मंडळास आनंद होत आहे."

भूमिकाचं लग्न गेल्या वैशाखात झालं होतं. ती बेळगावला सासरी होती आणि तिला दिवस गेले होते.

"खाली सही तुमची आहे," ही म्हणाली. "आनंद होत आहे म्हणताय. कशाचा?"

मी पत्र हातात घेतलं. सही माझीच होती. चांगली, ठसठशीत, शेवटी दोन टिंबं. सुचवलेल्या स्थळांत पहिला जयसिंगपूरचा इंजिनिअर होता.

"नशीब, हे इथं आलं," ती म्हणाली. "व्याह्यांकडं गेलं असतं तर?"

मग लक्षात आलं, आमचं पत्र आमच्याकडं आलं होतं. बाकीची कुठं कुठं गेली असतील?

ते दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिसचा फोन खाली ठेवायला मिळेना. एकाच्या सुनेला तीन स्थळं सुचवली गेली होती. निपाणीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "आमच्या जावयात तुम्हाला काय खोट दिसली, ते आधी सांगा." याच्या उलट, ज्यांनी वर्षभरापूर्वी नाव नोंदवलं होतं त्यांना पत्रच नव्हतं, त्यांची मुलं यादीतच नव्हती. एक गृहस्थ जिना चढून वर आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "माझं लगीन झालंय, त्ये तुम्हांस्नी म्हाईतच हाय. पण ही तिसरी मुलगी... अजून हाय काय? न्हाय, नुसतं इचारतोय."

सयाजीरावांनी ही बातमी समोरच्या तालमीत पोचवली. मी रस्त्यानं निघालो की पोरं फुटबॉल थांबवून ओरडायची, "ओ शेटे, आमच्या आबांचंबी एक दुसरं जमवा की!" तालमीत तीस-पस्तीस माणसं. प्रत्येकाला आबा होते.

पण खरा घाव अक्काताईंच्या घरीच बसला.

त्यांचा मुलगा अमरेश. त्याचं लग्न हातकणंगल्याच्या प्रेरणाशी दीड वर्षापूर्वी मंडळामार्फतच झालं होतं. आम्ही ते मेळाव्यात उदाहरण म्हणून सांगायचो. आता अमरेश सर्व्हरच्या मते पुन्हा बिनलग्नाचा झाला होता आणि त्याचं स्थळ कागलच्या एका घरी गेलं होतं. मंडळी उत्साही. पत्र मिळताच फोनही न करता मुलगा बघायला थेट घरी आली. प्रेरणाला वाटलं, दुकानाची गिऱ्हाइकं आहेत. तिनं पोहे केले, चहा दिला. तर त्यातल्या एका मावशीनं तिला कौतुकानं जवळ बसवून विचारलं, "तू नवऱ्यामुलाची बहीण का गं? वहिनी कशी पायजे तुला?"

रात्र व्हायच्या आत प्रेरणा बॅग भरून माहेरी गेली.

हे मला अक्काताईंनी स्वतः सांगितलं. खुर्चीवर न बसता, माझ्या टेबलासमोर उभं राहून. ओरडल्या नाहीत. मला तेच जास्त जड गेलं.

"वीरेशला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि मशीनला काय झालंय त्ये मला कळंल असं सांगायला सांगा."

वीरेश आला. त्यानं सीडी पुन्हा लावली, पुण्याच्या मित्राला फोन लावला, 'व्हय, व्हय' करत राहिला आणि फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही दर शनवारी बॅकअप एकाच फायलीत घेत होता."

"तूच तशी सोय करून दिली होतीस."

"दिलती. पण नवा बॅकअप जुन्याला पुसत नव्हता. त्याच्याच मागं जाऊन बसत होता. सगळे शनवार एकाच फायलीत रांगेनं उभं हाईत. आणि आपण नुसतं 'काढ' म्हटलं की मशीन पहिला काढतंय. पहिला म्हंजे दोन वर्षांपूर्वीचा."

म्हणजे मी दोन वर्षं एकाच डब्यात ताज्या भाकरीवर ताजी भाकरी ठेवत गेलो होतो आणि मशीननं हात घालून तळातली काढली होती. ती भाकरी आम्ही सगळ्या जिल्ह्याला वाढली.

"शेवटचा शनवार हाय आत?" अक्काताईंनी विचारलं.

"हाय की. नंबर सांगून काढायचा, एवढंच."

"मग आधी का न्हाय सांगितला?"

वीरेशनं माझ्याकडं बघितलं. मी वीरेशकडं बघितलं. त्या क्षणी आम्ही दोघं एकमेकांना जितके समजून घेत होतो तितकं मी माझ्या सख्ख्या भावालाही कधी समजून घेतलं नव्हतं. त्यानं शेवटचा शनिवार काढला. अमरेश विवाहित झाला. भूमिका विवाहित झाली. निपाणीचे जावई आपल्या जागी गेले. पडद्यावर सगळं शांत झालं. पडद्याबाहेरचं कसं काढायचं, त्याचं बटण कुठंच नव्हतं.

"चला," अक्काताई म्हणाल्या.

"कुठं?"

"हातकणंगल्याला. माफी मागायला."

"अमरेशला न्यायला नको?"

"त्यो काल जाऊन आलाय. दारातनं परत लावला त्याला."

गाडीत मी दिलगिरीचा मजकूर मनातल्या मनात तयार करत होतो. 'तांत्रिक कारणास्तव' असा आरंभ मला बरा वाटला. अक्काताई खिडकीबाहेर बघत होत्या. रुकडी गेल्यावर एकदम म्हणाल्या, "शेटे, मी तिथं काय बोलू हो?" मला धक्काच बसला. या बाईंना शब्द कमी पडलेले मी कधी पाहिले नव्हते. मी म्हटलं, "तांत्रिक कारणास्तव..." त्यांनी पुन्हा बाहेर बघायला सुरुवात केली.

प्रेरणाचे वडील ओसरीवर होते. 'या' म्हणाले, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. चहाचं भांडं वाजलं नाही. बऱ्याच वेळानं प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी घसा साफ केला. "प्रेरणा, हे जे झालं ते केवळ तांत्रिक कारणास्तव. म्हणजे बॅकअप जो असतो, तो एकाच फाईलमध्ये..."

"काका, पत्राचं मला काय वाटलं न्हाई," ती म्हणाली. "मशीनला काय कळतंय. पावण्यांस्नीबी काय म्हाईत नव्हतं." मग ती सासूकडं वळली. "पण त्यांनी मला 'तू बहीण का' म्हणून इचारलं आणि आत्ती, तुम्ही हसला. पदर तोंडाला लावून हसला. ह्येबी बघत बसले. मी पोह्याची ताटली धरून उभी. कुणीतरी एकानं म्हणायचं, ही आमची सून."

गोठ्यात म्हैस दावं ओढत होती. अक्काताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"हसलो," त्या म्हणाल्या. "हसू आलं म्हणून हसलो. तुझं तोंड बघायला पायजे हुतं, त्ये बघितलं न्हाय. चुकलं माझं." मग म्हणाल्या, "दीड वर्षात तुला कधी 'माझी सून' म्हणून चारचौघांत पुढं केलं न्हाय, त्येबी चुकलं. दुकानात सगळी म्हणत्यात, अक्काताईंची सून लई हुशार. मी ऐकून घेतो आणि गप बसतो. चल घरला."

प्रेरणा रडली. तिचे वडील उगाच म्हशीकडं गेले. मी छताकडं बघत होतो, कारण अशा प्रसंगी मानद सचिवानं कुठं बघायचं असतं ते पोटनियमात नाही.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि मेळाव्याची पत्रं पुन्हा जाणार हाईत?"

"जाणार की," मी उत्साहानं म्हटलं. "या वेळी शेवटचा शनिवार..."

"ती मी बघून सोडणार. एकेका घराला आधी फोन करीन. कुणाचं लगीन झालंय, कुणाचं मोडलंय, मला ठाऊक असतंय. बी.कॉम. होऊन दीड वर्ष नुसती तांदूळ निवडायला लागलीया." हे ती माझ्याशी बोलत होती, पण बघत सासूकडं होती.

"बघ की," अक्काताई म्हणाल्या. "किल्ली शेट्यांकडं हाय. घे."

मी खिशातून ऑफिसची किल्ली काढून दिली. देताना हात किंचित जड झाला, नाही म्हणत नाही. तेवढ्यात आत चहाचं भांडं वाजलं.

मेळावा झाला, आणि चांगला झाला. प्रेरणानं फोन करून करून घरांची समजूत काढली होती. कागलची मंडळीसुद्धा आली; त्यांच्या मुलीला इचलकरंजीचं एक स्थळ पसंत पडलं आणि प्रेरणा त्या मावशींच्या शेजारीच बसली होती. अक्काताईंनी स्टेजवरून तिची ओळख 'माझी सून, मंडळाची नवी सचिव' अशी करून दिली. अमरेश पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याला बऱ्याच टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या.

मग माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, प्रदीर्घ सेवेबद्दल सत्कार. अक्काताई माईकसमोर म्हणाल्या, "शेटेसाहेब आजपासनं आमचं सल्लागार." मी वाकून शाल घेतली. ती माझ्या खांद्यावर सारखी करता करता त्या माझ्या कानाशी आल्या आणि आपल्या मते हळूच म्हणाल्या, "सल्ला इचारल्याबिगर द्यायचा न्हाय, आणि मशीनला हात लावायचा न्हाय."

माईक चालू होता. सयाजीरावांनी स्वतः त्याचं अर्थिंग केलं होतं. सगळ्या हॉलनं ऐकलं, आणि माझ्या सबंध सार्वजनिक आयुष्यात मला एवढ्या टाळ्या कधीच मिळाल्या नाहीत.